तारेपलीकडचा मेव्हणा

फोन वाजला की माझे वडील आधी पायांतले जोडे काढायचे. मग खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर चढवायचे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायचे, घसा खाकरायचे, आणि मगच टेबलावरच्या त्या काळ्या यंत्राला हात घालायचे. साहेबाशी बोडक्या डोक्याने कसं बोलणार, असा त्यांचा प्रश्न होता. साहेब कित्येक मैल दूर बसला आहे, त्याला तुमचं डोकं दिसत नाही, हे उत्तर त्यांना पटत नसे. त्याला दिसत नाही, पण मला माहीत असतं ना, असं ते म्हणत. एवढा साजशृंगार होईतो पलीकडचा साहेब भडकलेला असे. मास्तर ड्यूटीवर झोपा काढतो, असं त्याने एकदा वर कळवलंही होतं. माझे वडील आयुष्यात कधी ड्यूटीवर झोपले नाहीत. ड्यूटी संपल्यावरही त्यांना धड झोप लागत नसे. पण ते साहेबाला सांगणार कोण, आणि कुठल्या इंग्रजीत?

आता माझी पन्नाशी उलटली. माझा धाकटा मुलगा पलंगावर उताणा पडून, फोन पोटावर ठेवून, पाय हलवत आपल्या साहेबाशी बोलतो. मी दारातून बघते आणि मला उगीचच वाटतं, आत्ता मागून नाना येतील आणि मुकाट्याने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतील.

नाना म्हणजे माझे वडील, स्टेशनमास्तर. स्टेशनचं नाव मी सांगत नाही. कर्जत सोडलं की घाट चढायच्या आधी जी एवढीएवढीशी स्टेशनं लागत त्यांतलं एक, असं समजा. नाव सांगितलं तर तिकडचे लोक माझ्या चुका काढतील, आणि मला गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे. एक फलाट, फलाटावर एक खोली, खोलीला चिकटून आमचं क्वार्टर, मागे आईचा पडवळाचा मांडव, आणि मांडवाच्या मागे थेट डोंगर. कचेरीची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. त्यामुळे नानांचं सगळं कामकाज आम्हाला भांड्यांच्या आवाजात मिसळून ऐकू येई. त्या काळी घाटात गाडी चढवायची तर पुढे एक इंजिन पुरत नसे. कर्जतला मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडत. निघताना पुढचं इंजिन शिट्टी घाली, मागची तिला उत्तर देत, आणि मग सगळ्यांची मिळून धाप सुरू होई. वारा आमच्या बाजूचा असला की तो शिट्ट्यांचा सवालजवाब आमच्यापर्यंत ऐकू येई, आणि आई त्यावर भाताचं आधण ठेवी. मेल येऊन जाईतो भात होत असे.

फोन येण्याआधी आमच्या घरात भीती अशी नव्हती. नाना तारेच्या कामातून वर चढलेले. कट्ट-कडकट्ट वाजवत ते साऱ्या जगाशी बोलत, आणि त्या बोलण्यात आवाज लागत नसे, की समोरच्याचा चेहरा मनात आणावा लागत नसे. त्यांचं लिहिण्यातलं इंग्रजी तर पंचक्रोशीत नावाजलेलं. खालापूरच्या कचेरीत अर्ज द्यायचा असला की लोक रेल्वेने आमच्याकडे येत, आणि नाना त्यांच्या म्हशीच्या तक्रारीलाही असा काही पोशाख चढवत की ती म्हैस कुणा संस्थानिकाची वाटावी. ‘आय हॅव द ऑनर’ने सुरुवात, ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ने शेवट, आणि मधली वाक्यं इतकी लांब की म्हशीचा मालक ऐकताऐकता दोनदा मान डोलावून घेई.

मग कंपनीने घाटाखालच्या सगळ्या स्टेशनांना फोनच्या तारेने जोडलं. एका टोकाला एक साहेब बसे. कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली पुढे काढायची, हे तो सगळ्या मास्तरांना तोंडाने विचारून ठरवी. त्याला आम्ही कंट्रोलसाहेब म्हणत असू. तो बोले ते इंग्रजी नानांनी कधी वाचलं नव्हतं. तुटक, घाईचं, गिळलेलं, अर्धं नाकातलं. आणि त्याला उत्तर तसंच हवं असे. घंटा वाजली की आईचा पाट्यावरचा हात थांबे.  भिंतीपलीकडून जोड्यांची खसखस, खाकरणं, आणि मग नानांचा तो अगदी बारीक झालेला आवाज: “येस सर.”

या ‘येस सर’नेच घात केला. आमच्या घरची रीत अशी की वडीलधाऱ्याला थेट नाही म्हणायचं नाही. आजोबांनी विहिरीत उडी मार म्हटलं तरी आधी ‘हो’ म्हणायचं, मग विहिरीला पाणी नाही हे हळूच त्यांच्या नजरेस आणून द्यायचं. नाना तसेच वाढले होते. एकदा साहेबाने विचारलं, तुमचा रस्ता मोकळा आहे ना, मालगाडी सोडू का? रस्ता मोकळा नव्हता. नाना म्हणाले, “येस सर,” आणि मग ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु सबमिट’ अशा घाटवळणाने खऱ्या उत्तराकडे निघाले. साहेबाने पहिले दोन शब्द ऐकले आणि फोन ठेवला. मालगाडी आली, आमच्या सिग्नलपाशी अडकून ओरडत उभी राहिली, तिच्यामागे मेल अडकली. कुणाला खरचटलं नाही. पण चौकशी झाली.

चौकशीला आलेले इन्स्पेक्टर आपल्याकडचे, भले गृहस्थ होते. बिरड्याचा पाहुणचार घेऊन त्यांनी नानांना समजावलं की तुमच्यासारखं लिहिणारा या लाइनीवर दुसरा नाही, पण साहेबाला गप्पा मारल्यासारखा फटाफटा बोलणारा माणूस हवा आहे. दिवाळीपर्यंत तो वाट बघणार होता. नंतर नानांचा हुद्दा उतरवून त्यांना दूर वऱ्हाडाकडच्या कुठल्याशा मालधक्क्यावर कारकून म्हणून पाठवायचं असं ठरत होतं. इन्स्पेक्टर गेल्यावर नानांनी जेवायला बसून ताट तसंच ठेवलं. सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी, सगळं जिथल्या तिथे.  आई उठून मांडवाखाली गेली आणि कोवळी पडवळं उगीचच मोजल्यासारखी हाताने चाचपत राहिली.

मी तेव्हा परकर-पोलक्यातून नुकती साडीत शिरले होते. मराठी सातवी झाली होती, आणि नाना मला घरी इंग्रजी शिकवत, अर्थात आपल्याच धर्तीचं. लग्नाच्या दृष्टीने हाताला काही कला असावी म्हणून आई मला शनिवारच्या पॅसेंजरने कर्जतला पाठवी, क्रोशाचं विणकाम शिकायला. शिकवणारी होती मिसेस पेरी. तिचा नवरा घाटातलं मागचं इंजिन चालवी. रेल्वेच्या बंगल्यांत राहणाऱ्या या बायांना सगळं कर्जत मड्डम म्हणे. ही मड्डम मात्र इथेच जन्मलेली, विलायत तिने आमच्याइतकीच पाहिलेली. तिच्या घरात तळलेल्या कांद्याचा आणि साबणाचा वास असे. केसांना कागदाच्या गुंडाळ्या बांधून ती दिवसभर हिंडे, आणि तोंड क्षणभर बंद नसे. पहिल्या दिवशी दारात उभं राहून मी नानांनी घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं, की मॅडम, विणकामाचे शिक्षण प्राप्त करून घेण्याच्या हेतूने मी येथे उपस्थित झाले आहे. ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. तिच्याशी असं एकदाच एक मॅजिस्ट्रेट बोलला होता म्हणे. मथू हे माझं नाव तिच्या जिभेवर मॅटी झालं.

नानांवर दिवाळीची टांगती तलवार आली तेव्हा मी क्रोशाची सुई खाली ठेवली आणि मड्डमला सगळं सांगितलं. माझ्या वडिलांना गप्पांचं इंग्रजी हवंय, म्हटलं. तिने ते विणकामापेक्षा मनावर घेतलं. दर शनिवारी मी नानांची वाक्यं डोक्यात भरून नेई आणि ती त्यांची काटछाट करून देई. तिचं म्हणणं असं की बोलण्याला उंबरठा नसतो, वंदन करून आत यायचं नसतं. मधूनच सुरू करायचं आणि मधेच सोडायचं. नाना म्हणत, पॅसेंजर गाडी या स्थानकात येऊन दाखल झाली आहे हे सादर करण्याची अनुज्ञा असावी. मड्डम म्हणे, “शी इज इन.” बस, एवढंच. क्षणभर थांबण्याची कृपा व्हावी याचं ‘होल्ड ऑन’. अद्याप तशी परिस्थिती नाही याचं ‘नॉट येट’. बदल्यात आई तिला डबा भरून बिरडं पाठवी, आणि कडव्या वालाला मोड आणून एकेक साल काढायचं म्हटल्यावर ती थक्क होऊन विचारी की तुमच्या बायकांना दुसरा उद्योग नाही का? परतताना मी गाडीच्या चाकांच्या ठेक्यावर तिची वाक्यं म्हणत बसे, शी-इज-इन, शी-इज-इन, होल्ड-ऑन, आणि समोरच्या भाजीवाल्या आपसांत डोळ्यांनी बोलत.

‘शी इज इन’ नानांना आवडलं. गाडी ही ‘ती’ आहे एवढं तरी साहेबाला कळतं, म्हणाले. पण ‘होल्ड ऑन’ला त्यांनी हात जोडले. हे हमालाला सांगतात, साहेबाला नाही. मी म्हटलं, मड्डम म्हणते की साहेबच एकमेकांना असं सांगतात. ते म्हणाले, एकमेकांना सांगत असतील. मी त्यांचा एकमेक आहे का?

तरी तालीम सुरू झाली. संध्याकाळची पॅसेंजर गेली की आई भिंतीआड बसे आणि तांब्यावर पळी वाजवी, तो फोन. देवाची घंटा वापरू द्यायला ती तयार नव्हती, साहेबाने ती विटाळेल म्हणे. मग ती आवाज घोगरा करून गिटपिट गिटपिट असं काहीतरी दरडावी, आणि त्यातला राग इतका हुबेहूब असे की मला वाटतं आमच्या घरात खरी नटी तीच होती, मी फक्त गोष्टी रंगवून तिचा वारसा चालवते. मी सूत्रधार. आणि नाना? पळीचा आवाज झाला की नाना जोडे काढत. स्वतःच्या बायकोच्या तांब्यासमोर टोपी घालून, बटणं लावून, “येस सर” म्हणत. वाक्यं त्यांना सगळी पाठ होती. नुसती विचारली तर खडाखडा सांगत. पण तांब्या वाजला की घशातून वर येई ते ‘येस सर’च. मला हसू येई, आणि मग दिवाळी आठवे. दिवस चालले होते. नानांच्या कोटाचे खांदे उतरल्यासारखे दिसू लागले होते.

एका संध्याकाळी आईने पळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

“अहो, तुम्ही माझ्या दिगूदादाशी कसे बोलता?”

“त्याच्याशी कसं बोलायचं असतं? तो मेव्हणा आहे.”

“मग झालं तर. तारेच्या पलीकडे दिगूदादा बसलाय असं समजा.”

“साहेबाला मेव्हणा समजू?”

“मग काय, सासरा समजून चाललंय तेच चालू द्यायचंय?”

आता दिगूमामाविषयी सांगायला हवं. नाना एरवी इतके मऊ की मांजरालाही बाजूला हो असं न म्हणता स्वतः वळसा घालून जात. पण वर्षातून एखाद वेळी आईचा भाऊ दिगंबर आला की नानांच्या जिभेला पंख फुटत. बायकोच्या भावाची टर उडवायला आपल्याकडे परवानगी लागत नाही, ती सप्तपदीबरोबरच मिळते. काय दिगंबरपंत, अजून पृथ्वीला भार आहेच का. जेवायला बसा, पण शेजाऱ्यांसाठी काही ठेवा. असं फलाटापासूनच सुरू होई. मामा काही म्हणाला की नाना म्हणत, नाही, साफ चूक. वाद घालत, त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडत. आणि मामा खूश. ज्या मेव्हण्याची कुणी टर उडवत नाही त्याला आपला मान राहिला नाही असं वाटतं.

त्या संध्याकाळपासून तांब्यापलीकडे दिगूमामा बसू लागला आणि चमत्कार झाला. नाना म्हणाले, “हॅलो, व्हॉट नाउ?” आईने घोगऱ्या आवाजात काहीतरी बजावलं. नाना म्हणाले, “नॉट येट. होल्ड ऑन.” मग स्वतःच दचकून इकडेतिकडे पाहिलं, जणू खोलीत दुसरंच कुणी बोललं. त्या आठवड्यात आमच्या घरात हसणं परत आलं. पण माझ्या मनाची धाकधूक गेली नाही, कारण ते सगळं तांब्यापुरतं होतं. खरी घंटा वाजली की पाय आपोआप जोड्यांतून बाहेर निघत, आणि भिंतीपलीकडून तोच बारीक आवाज येई. दसरा झाला. लोकांकडे भाजण्या भाजायचे वास सुटले. आईने भाजणीचं नाव काढलं नाही. जायचंच असेल तर डबे कशाला भरायचे, असा तिचा हिशेब असावा. 

आणि मग तो दुपारचा पाऊस आला. पाऊस संपला असं सगळे धरून चालले असताना येतो तसला, ढग फाटल्यासारखा. डोंगर दिसेनासा झाला. मांडव आडवा झाला. उतरणीवरून तांबडं पाणी फलाटाखालून वाहू लागलं. मेल कर्जतला उशिरा पोचली होती. कर्जतने भिंतीवरच्या घंटेच्या यंत्रावरून विचारलं होतं, नानांनी तिला वाट दिली होती, आता ती सुटायचीच होती. मी नानांना चहा द्यायला कचेरीच्या दारात उभी होते, तेवढ्यात धोंडू धावत आला. धोंडू आमचा पॉइंटमन, रुळांचे सांधे बदलणारा, दहिवलीकडचा, कधी आवाज न चढवणारा माणूस. पोत्याची खोळ घेऊन तो कर्जतच्या बाजूच्या सिग्नलकडे गेला होता. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“मास्तर, वळणावं भराव गेला हाय,” तो म्हणाला. “खाली काय नाय. रूळ नुसता लोंबतोय.”

नाना उठले आणि त्याच क्षणी फोन वाजला.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. खरं सांगते, तोंडाकडे नाही, पायांकडेच. उजवा पाय जोड्यातून निघाला. डावा निघू लागला, आणि थांबला. टोपी खुंटीवर होती. नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, त्यांनी फोन उचलला. साहेबाचा आवाज मला दारातून ऐकू आला, घाईचा, तडतडता. गाडी सोडतोय, तयार आहेस ना, असं त्याने विचारलं.

“नो,” नाना म्हणाले.

एवढासा शब्द. पण तो शब्द मी नानांच्या तोंडून कुणाही मोठ्या माणसाला म्हटलेला ऐकला नव्हता, आईने नव्हता, त्यांच्या आईनेही नसेल. पलीकडे साहेब फुटलाच. मेलला आधीच उशीर, गाडीत मोठमोठी माणसं, हे काय चाललंय, तुम्ही लोक, असं बरंच. नाना फोनकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

“शट अप अँड लिसन,” नाना म्हणाले. “द बँक इज गॉन. होल्ड हर. होल्ड हर, मॅन.”

पलीकडून एक तोकडा आवाज आला आणि तार मुकी झाली. नानांनी भिंतीवरच्या यंत्राने कर्जतला धोक्याची घंटा दिली, उत्तर आलं नाही; मग त्यांनी धोंडूला लाल बावटा देऊन पुन्हा वळणाकडे पिटाळलं. पण मधे ते भगदाड होतं, पलीकडे पोचायचं तर ओढा ओलांडायला हवा, आणि ओढा आज कुणाला ओलांडू देणार नव्हता. मग आम्ही उभे राहिलो. आई पिठाच्या हातांनी दारात आली. पावसाच्या आवाजातून, फार लांबून, कर्जतच्या दिशेने पुढच्या इंजिनाची शिट्टी आली. आणि तिच्या पाठोपाठ मागच्या इंजिनांचं उत्तर. त्या मागच्या इंजिनांतल्या एकावर मड्डमचा नवरा असणार हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी हातातला चहाचा पेला जमिनीवरच ठेवला. आता धाप सुरू होणार. आम्ही तिघांनी कान लावले होते. नानांनी मुका फोन अजून कानाला धरला होता, जणू तो सोडला तर गाडीही सुटेल.

धाप आली नाही. पाऊसच पाऊस. आणि मग भिंतीवरच्या यंत्रावर कर्जतची घंटा वाजली, गाडी थांबवल्याची. नाना खुर्चीत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, एक जोडा घातलेला, एक काढलेला.

“मथे, मी साहेबाला काय म्हटलं?”

मी सांगितलं.

“शट अप म्हटलं?”

“हो.”

“शेवटी सर तरी म्हटलं ना?”

“नाही. मॅन म्हणालात.”

ते शब्द मी त्यांना शिकवले नव्हते. मड्डमनेही मला शिकवले नव्हते. दिगूमामाकरता आयुष्यभर साठवलेलं काहीतरी असावं, ते इंग्रजी होऊन बाहेर पडलं. पण नानांना गाडी वाचल्याचा आनंद झालाच नाही, निदान दिसला नाही. त्यांना एकच दिसत होतं, आपण साहेबाला तोंड मीट म्हणालो. दिवाळीची मुदत आता कसली, उद्याच हुकूम येईल, असं ते आईला म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोनवर कंट्रोलसाहेब नव्हता, त्याचा हाताखालचा होता. ते त्यांना आणखी वाईट लक्षण वाटलं.  आई जुनी लुगडी काढून भांड्यांची गाठोडी बांधू लागली. वळणावर भराव घालायचं काम चालू होतं. हमालांचा ओरडा आणि दगड पडल्याचे आवाज दिवसभर येत, आणि घरात गाठी आवळल्याचे.

शनिवारी मी ओढ्याच्या बाजूने हमालांच्या पायवाटेने कर्जतला गेले, कारण घरात बसवत नव्हतं. मड्डमने मला दारातच उचलून घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते. मग तिने माझ्याकडून नानांचं ते बोलणं शब्द न् शब्द म्हणून घेतलं, पुन्हा म्हणून घेतलं. मी विचारलं, यात काय चुकलं, कसं म्हणायला हवं होतं? तिने नाक पुसलं आणि सांगितलं की यातलं काहीही बदलू नकोस. मी घरी येऊन हे नानांना सांगितलं, तर ते म्हणाले, ती बिचारी बाई, तिला काय, ती काही कंपनी नाही.

आणि साहेब आला. आधी न कळवता, रुळांवरून ढकलायच्या ट्रॉलीवरून, भरावाचं काम बघून आमच्या फलाटाला उतरला. बरोबर ते भले इन्स्पेक्टर. नाना पूर्ण पोशाखात, अनवाणी उभे. मी दाराआड, आई माझ्यामागे. इतके महिने ज्या आवाजाने आमचं घर गारठवलं तो साहेब मी राक्षसाएवढा कल्पिला होता. हा तर पोरगेला होता. उंच, लांब मानेचा, नाकाची कातडी उन्हाने सोललेली, हात कुठे ठेवावेत ते न कळणारा. त्याने ताठ उभं राहून विचारलं, स्टेशनमास्तर आपणच का? नाना म्हणाले, “येस सर.”  फोनवर तडतडणाऱ्या त्या माणसाला समोरासमोर बोलायला सुचेना. तो नानांच्या खांद्यावरून कचेरीत डोकावला, दुसऱ्या कुणाला तरी शोधावं तसा. मग त्याने अवघडून विचारलं की त्या दिवशी फोनवर दुसरे एक गृहस्थ होते ना, मोठ्या आवाजाचे?

“येस सर,” नाना म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी आ वासला. मला वाटलं, आत्ता यांनी आपलं सगळं दुसऱ्याच्या पदरात टाकलं, नसलेल्या माणसाच्या, आणि साहेब मान हलवून जाणार, आणि आपण वऱ्हाडात. नाना पुढचं वाक्य जुळवत होते, मला ते ओठांवर दिसत होतं, विथ ड्यू रिस्पेक्ट. पण तोवर साहेब वळला होता.

“नो,” मी म्हटलं. दाराआडून बाहेर कधी आले ते मला कळलं नाही. “इट वॉज हिम, ऑल राइट.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाने माझ्याकडे, मग नानांकडे, नानांच्या अनवाणी पायांकडे, पुन्हा माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. तो टोपीला बोट लावून ट्रॉलीवर बसला आणि हमालांनी ट्रॉली ढकलली. इन्स्पेक्टर जाताना नानांकडे बघून नुसते हात उडवत गेले. आईने मला आत ओढलं. ती रागावली नाही. उरलेलं गाठोडं पुढे घेऊन तिने त्याची गाठ मारली.

ट्रॉली कर्जतला पोचेल एवढा वेळ गेला असेल, तोच घंटा वाजली. भिंतीपलीकडे नाना बोलू लागले. मी भिंतीला कान लावला. शब्द कळेनात, पण आवाज बारीक नव्हता. मधेच थांबला, पुन्हा आला, एकदा मोठा झाला. मग फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“काय म्हणाला?” आईने विचारलं.

“राहा म्हणाला. इथेच.”

“एवढंच?”

“म्हणाला, पुन्हा मला शट अप म्हणालास तर याद राख.”

“आणि तुम्ही येस सर म्हणालात,” आई म्हणाली.

“नाही,” नाना म्हणाले. “म्हटलं, पुन्हा भराव गेला तर पुन्हा म्हणेन.”

 आई खाली बसली, मघाचं गाठोडं जवळ ओढलं, आणि बोटांनी सुटेना तेव्हा दातांनी गाठ सोडवू लागली.